बुबुळातला पू कुठून येतो?

पू हा काही चारचौघांत बोलायचा विषय नव्हे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातल्या वैद्यकात ज्या प्रश्नांवरून भल्याभल्यांचं एकमेकांशी पटेनासं झालं, त्यांत ‘पू कुठून येतो’ हा एक होता. बर्लिनचा रुडॉल्फ फिर्खो म्हणजे त्या काळी या प्रांतातला अखेरचा शब्द. १८५८ साली त्याची पेशींच्या विकारांवरची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली आणि ‘प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते’ हे सूत्र सर्वतोमुखी झालं. या सूत्राचा सरळ अर्थ लावला तर पुवातल्या पेशी दुखावलेल्या अवयवाच्या स्वतःच्या पेशींमधूनच, जागच्या जागी तयार होत असणार. पुरावा मागितला की फिर्खोच्या गोटातले लोक डोळ्याकडे बोट दाखवत.

कारण डोळ्यासारखी सोय शरीरात दुसरीकडे नाही. बुबुळाच्या पुढचं पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी एकही नाही. असती तर आरपार दिसलंच नसतं. काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेपर्यंत रक्त येतं आणि तिथूनच माघारी वळतं. तरीही कॉर्नियाच्या मधोमध काही लागलं की तिथे पांढुरका डाग धरतो, पू होतो. रक्त जिथे पोचतच नाही तिथे पू झाला, म्हणजे तो तिथल्याच पेशींचा. युक्तिवाद बिनतोड दिसत होता.

त्याला पहिला तडा १८६३ मध्ये फिर्खोच्याच हाताखाली तयार झालेल्या फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेनने दिला. बेडकाचा कॉर्निया काढून, तो सुकू नये अशी ओलसर बंदिस्त जागा करून, त्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहिला. आत दोन तऱ्हेच्या पेशी दिसल्या. एक जागेला खिळलेल्या, फाटे फुटलेल्या. दुसऱ्या आकार बदलत, सरपटत इकडून तिकडे जाणाऱ्या. कॉर्नियाच्या घट्ट विणीतून वाट काढत या दुसऱ्या पेशी हिंडत होत्या. त्या आल्या कुठून, हे मात्र त्याला ठामपणे सांगता आलं नाही.

ते सांगितलं युलियस कोनहाइमने. पोमेरेनियातल्या डेमिन गावचा, १८३९ चा जन्म, १८६४ पासून फिर्खोचा सहायक. त्याने केलेला प्रयोग आज शाळेच्या प्रयोगवहीत बसेल इतका साधा होता. बेडकाच्या कातडीखालच्या लसिकेच्या पिशवीत त्याने निळ्या अॅनिलिन रंगाचे बारीक कण सोडले. शरीरात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी असे कण गिळतात आणि मग कुठेही गेल्या तरी तो निळा शिक्का बरोबर नेतात. मग बेडकाच्या कॉर्नियाच्या मध्यावर त्याने दाहक रसायनाचा डाग दिला आणि वाट पाहिली. काही काळाने कॉर्निया गढूळ होऊ लागला. जखम मध्यावर होती, पण गढूळपणा कडेकडून सुरू झाला आणि आत सरकत गेला. त्या गढूळ भागात पुवाच्या पेशी होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींच्या पोटात निळे कण. जागेला खिळलेल्या कॉर्नियाच्या मूळ पेशी होत्या तशाच.

पू रक्तातून येतो, हे यातून दिसलं. पण रक्तवाहिनीच्या अखंड भिंतीतून पेशी बाहेर पडते कशी? इथे कोनहाइमने डोळा सोडून पोट धरलं. बेडकाला क्युरारे देऊन निश्चल केलं, आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा काचेवर पसरला आणि पाहत बसला. हवेच्या स्पर्शानेच त्या पडद्याला दाह सुरू होतो. लहान शिरा फुगतात, रक्ताचा वेग मंदावतो, पांढऱ्या पेशी प्रवाहाच्या कडेला येऊन आतल्या भिंतीला चिकटतात. मग भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक टोक दिसू लागतं. ते टोक फुगतं. भिंतीच्या आतला भाग तेवढाच आकसतो. शेवटी आत काहीच उरत नाही, बाहेर एक अखंड पेशी, बारीक देठाने भिंतीला लटकलेली. तो देठही सुटतो आणि पेशी चालू लागते. हे वर्णन १८६७ मध्ये छापून आलं ते फिर्खोच्याच नियतकालिकात. सहायकाने गुरूचं मत खोडून काढणारा लेख गुरूच्या मासिकात, हे त्या प्रयोगशाळेबद्दल बरंच काही सांगतं. ऑगस्टस वॉलर या इंग्रजाने असंच काहीसं १८४६ मध्येच पाहून लिहिलं होतं, पण ते सगळ्यांच्या विस्मरणात गेलं होतं.

वाद अर्थात मिटला नाही. व्हिएन्नात सालोमोन श्ट्रिकर आणि त्याचे विद्यार्थी कॉर्नियाच्याच पेशी फुटून पू होतो यावर अडून राहिले. पुढची दहाएक वर्षं मध्य युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये किती बेडकांचे आणि सशांचे कॉर्निया डागले गेले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्या गदारोळातून एक उपउत्पादन निघालं. कोनहाइमने कॉर्नियातल्या मज्जातंतू दिसावेत म्हणून सुवर्ण क्लोराइडने रंगवण्याची रीत बसवली होती. तीच रीत पाउल लांगरहान्स नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने १८६८ मध्ये माणसाच्या कातडीवर वापरली आणि त्याला फांद्या फुटलेल्या काळ्याभोर पेशी दिसल्या. त्या मज्जापेशी असाव्यात असं त्याला वाटलं. त्या प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशी आहेत आणि तशाच कॉर्नियातही असतात, हे ध्यानात यायला शंभर वर्षं जावी लागली.

कोनहाइमच्या चित्रात एक उणीव होती. त्याच्या मते दाहात रक्तवाहिनीची भिंत बिघडते, सैल होते, म्हणून पेशी पाझरतात. पेशी इथे बिचाऱ्या परिस्थितीच्या बळी. त्यांना ना हेतू, ना दिशा. उलट पुवाच्या पेशींमध्ये जंतू दिसले की बहुतेक वैद्य म्हणत, पाहा, याच पेशी जंतूंना अंगाखांद्यावर घेऊन शरीरभर पसरवतात.

हे उलटं करणारा माणूस वैद्य नव्हताच. ईल्या मेचनिकोव्ह हा प्राणिशास्त्रज्ञ. ओदेसा विद्यापीठातली नोकरी सोडून १८८२ मध्ये बायको आणि तिच्या भावंडांसह सिसिलीतल्या मेसिनाला आलेला. तरुणपणापासून त्याला डोळ्यांचा त्रास होता, इतका की मधूनमधून सूक्ष्मदर्शकाचं काम बंद ठेवावं लागे. त्या डिसेंबरात घरचे सर्कस पाहायला गेलेले असताना त्याने ताराम‍ाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे खुपसले. सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. त्या जीवाला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे कोनहाइमचं वाहिन्यांचं कारण इथे लागूच नव्हतं. पेशी आपणहून आल्या होत्या. त्या परक्या वस्तूला गिळायला येतात, हा शरीराचा बचाव आहे, असं मेचनिकोव्हने मांडलं. अशा भक्षक पेशींना ‘फॅगोसाइट’ हे नाव व्हिएन्नातल्या कार्ल क्लाउसने सुचवलं. पुढच्याच वर्षी फिर्खो मेसिनाला आला असता त्याने हे काम पाहिलं आणि पाठ थोपटली, पण जरा जपून असंही सांगितलं. (ओदेसात मेचनिकोव्हच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे मुंबईला आला आणि १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस त्याने आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्या नावाने आहे.)

मेचनिकोव्हची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, काटे आणि सर्कशीसकट. तेओडोर लेबरची कुणी सांगत नाही. डोळ्यांचे डॉक्टर त्याचं नाव रोज घेतात, पण ते त्याच्या नावाच्या आनुवंशिक आजारांपुरतं. माझ्या मते त्याचं खरं मोठं काम वेगळंच आहे.

लेबर १८४० चा, कार्ल्सरूहेचा. हायडेलबर्गला शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्सच्या वर्गात बसलेला, १८७१ पासून ग्योटिंगेनला नेत्रविकारांचा प्राध्यापक. १८७९ मध्ये त्याच्याकडे आलेल्या एका शेतकऱ्याचं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे. मळणी यंत्रावर काम करताना ओटच्या दाण्याचं टरफल उडून डोळ्यात गेलं होतं. बुबुळावर व्रण झाला, आणि कॉर्नियाच्या मागच्या कप्प्यात, तळाशी, पू साचून पांढरी पातळी दिसू लागली. व्रणाची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर त्यात अॅस्परजिलस बुरशीचे तंतू. बुरशीने होणाऱ्या कॉर्नियाच्या व्रणाची नोंदलेली ही पहिली केस.

लेबर तिथे थांबला असता तरी त्याचं नाव राहिलं असतं. पण त्याला एक गोष्ट छळत होती. बुरशी होती कॉर्नियाच्या थरात, पू साचला होता मागच्या कप्प्यात, आणि त्या पुवात बुरशी अजिबात नव्हती. शत्रू एकीकडे, सैन्य दुसरीकडे. त्याने सशांच्या कॉर्नियात मुद्दाम बुरशी पेरून पाहिली. पांढऱ्या पेशी चहूबाजूंच्या कडेवरून निघून, रक्तवाहिन्या नसलेल्या त्या पटलातून पाच-सहा मिलिमीटरची वाट तुडवत मध्याकडे येत. पण थेट बुरशीवर तुटून पडण्याऐवजी थोड्या अंतरावर त्यांचं कडं तयार होई. जणू मधल्या वाढीतून काहीतरी झिरपत होतं, जे दूर पातळ असताना त्यांना ओढी आणि जवळ दाट झालं की पुढे येऊ देईना.

झिरपणारं काहीतरी, ही कल्पना त्याला वनस्पतिशास्त्राने पुरवली. ट्यूबिंगेनच्या विल्हेल्म फेफरने १८८४ मध्ये दाखवलं होतं की नेच्याच्या शुक्रपेशी मॅलिक आम्लाने भरलेल्या केसाएवढ्या काचनळीत आपणहून पोहत शिरतात. लेबरने तीच काचनळी डोळ्यात घातली. स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या वाढीतून त्याने एक स्फटिकरूप पदार्थ काढला, त्यात जिवंत जंतू उरला नव्हता. नळीचं एक तोंड बंद करून, तो पदार्थ भरून ती सशाच्या डोळ्यात, कॉर्नियाच्या मागच्या त्याच कप्प्यात ठेवली. कॉर्निया पारदर्शक, आत काय चाललं आहे ते बाहेरून दिसत होतं. नळीच्या उघड्या तोंडाशी पांढरट रेघ उमटली, मग ती आत सरकत गेली. नळी पुवाने भरली. जंतू नाही, बुरशी नाही, फक्त त्यांच्यातून निघालेलं रसायन, आणि तेवढ्या हाकेवर पेशी आल्या. तांब्याचा निर्जंतुक तुकडा ठेवला तरीही आल्या. १८८८ मध्ये त्याने हे थोडक्यात छापलं आणि १८९१ मध्ये दाहाच्या उगमावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. रसायनाच्या वासावर पांढरी पेशी चालत येते, ही आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला पाठ असलेली गोष्ट, आणि ती पहिल्यांदा नीट दाखवली गेली ती डोळ्यात. त्याच सुमारास पॅरिसमध्ये दाहावर व्याख्यानं देताना मेचनिकोव्हने लेबरच्या प्रयोगांचा आधार घेतला.

लेबरने आणखी एक निरीक्षण केलं, आणि माझ्या दृष्टीने ते मेचनिकोव्हपेक्षा एक पाऊल पुढचं आहे. जंतूविरहित पू त्याने बाहेर काढून फायब्रिन या प्रथिनाच्या तुकड्यांवर टाकून पाहिला. तुकडे विरघळले. म्हणजे कॉर्निया जो विरघळतो, खड्डा पडतो, कधी भोक पडतं, त्याचा दोष एकट्या जंतूवर टाकता येत नाही. मदतीला धावलेल्या पेशीच आपल्या पाचक रसांनी घर पोखरतात. मेचनिकोव्हला फॅगोसाइटमध्ये प्रामुख्याने रक्षणकर्ता दिसला; डोळ्यांच्या डॉक्टरला तेवढ्यावर समाधान मानणं शक्य नव्हतं. हाताला गळू झालं, फुटलं, व्रण राहिला, तरी हात कामाला येतो. कॉर्नियात मात्र कोलाजेनचे तंतू एका ठरावीक अंतरावर, शिस्तीत रचलेले असतात म्हणून प्रकाश आरपार जातो. ती रचना एकदा विस्कटली की जंतू मेला तरी जागा पांढरी राहते. आपल्याकडे ज्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात ते हेच.

यानंतरचं अर्धं शतक पांढऱ्या पेशींच्या वाट्याला फारसं आलं नाही. १९०८ चं नोबेल मेचनिकोव्ह आणि पाउल एर्लिख यांना विभागून मिळालं, पण दिवस एर्लिखच्या प्रतिपिंडांचे होते. लसी, रक्तद्रव, मग प्रतिजैविकं. कॉर्नियात पुढची मोठी घटना शस्त्रक्रियेची होती: डिसेंबर १९०५ मध्ये मोराव्हियातल्या ओलोमोउत्सला एडुआर्ड त्सिर्मने माणसाचा कॉर्निया दुसऱ्या माणसाला बसवला आणि तो टिकला. रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून परकं पटल ओळखणाऱ्या पेशी तिथवर सहजी पोचत नाहीत. जो दुबळेपणा बुरशीला लाभतो तोच रोपणाला वरदान ठरला.

मग १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंचने सांधेदुखीच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं, १९५० मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि दोन-तीन वर्षांत ते औषध डोळ्यांच्या थेंबात उतरलं. लेबरचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. कॉर्टिसोनसारखं स्टिरॉइड पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेरच पडू देत नाही. लालबुंद डोळा दोन दिवसांत निवळतो, ठणका थांबतो, रुग्ण दुवा देतो. जंतू मेलेला असेल तर उत्तमच. पण आत बुरशी असेल तर? १९५५ मध्येच जपानमधल्या डॉक्टरांनी कॉर्टिसोननंतर कॉर्नियाला होणाऱ्या संसर्गांबद्दल इशारा दिला होता. पहारा उठवला की तंतू निवांत खोल उतरतात, आणि डोळा वरून शांत दिसत असल्याने ते कळतही नाही. गावोगाव औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टिरॉइडच्या थेंबांनी किती डोळे असे घालवले असतील!

बुरशीपुढे पांढऱ्या पेशींची अडचणही वेगळी आहे, आणि ती उलगडायला लेबरनंतर बराच काळ गेला. न्यूट्रोफिल ही सगळ्यांत आधी पोचणारी पेशी, रुंदीला मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. जंतू ती सहज गिळते. बुरशीचा तंतू तिच्या कितीतरी पट लांब. तो गिळायचा कसा? मग ती त्याला चिकटते आणि विषारी ऑक्सिजन संयुगं व पाचक द्रव्यं बाहेरच ओतते. १९६० च्या दशकाअखेर विरघळणाऱ्या कॉर्नियात कोलाजेन तोडणारी विकरं सापडली, आणि न्यूट्रोफिल हा त्यांचा एक मोठा पुरवठादार निघाला. २००४ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत दिसलं की न्यूट्रोफिल प्रसंगी स्वतःचा डीएनएच जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि त्यात जंतूंना अडकवते. कोनहाइमच्या शहरातच, एकशे सदतीस वर्षांनी.

ओटचं टरफल डोळ्यात जाण्याचे दिवस ग्योटिंगेनमध्ये सरले. ते आले तामिळनाडूत, मराठवाड्यात, नेपाळच्या तराईत. भाताची लोंबी, उसाचं पाचट, ज्वारीच्या पानाची धार. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत कॉर्नियाच्या व्रणाचे ४३४ रुग्ण आले. त्यांतल्या ६५ टक्क्यांना आधी डोळ्याला मार लागलेला होता, बरेचसे शेतात राबणारे. ज्यांच्या खरवडीत काही उगवलं त्यांत निम्म्याहून थोडे कमी जिवाणूंचे आणि जवळजवळ तितकेच बुरशीचे. बुरशीत पहिला क्रमांक फ्युजेरियमचा, दुसरा लेबरच्या अॅस्परजिलसचा.

इतके रुग्ण एका ठिकाणी जगात फार थोड्या जागी येतात. त्यामुळे शंभर वर्षं अंदाजाने चाललेल्या प्रश्नाची चाचणीही तिथेच होऊ शकली: प्रतिजैविकाने जिवाणू आटोक्यात आणल्यावर पांढऱ्या पेशींना आवर घालावा की घालू नये? अमेरिकन विद्यापीठांच्या साथीने, मुख्यतः अरविंदमध्ये, ५०० रुग्ण घेतले. सगळ्यांना आधी ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक. मग अर्ध्यांना स्टिरॉइडचे थेंब, अर्ध्यांना स्टिरॉइडविना नुसते थेंब. बुरशीचे व्रण कटाक्षाने वगळलेले. २०१२ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनंतरच्या नजरेत दोन्ही गटांत फरक नव्हता. स्टिरॉइडवाल्यांचा मोठा तोटा नाही, आणि इतकी वर्षं ज्याची ग्वाही दिली जात होती तो फायदाही नाही. बारकाईने पाहिलं तेव्हा मात्र ज्यांना सुरुवातीला समोरची बोटं मोजण्यापलीकडे दिसत नव्हतं अशा, सगळ्यांत वाईट डोळ्यांना थोडा लाभ झालेला आढळला. आणि नोकार्डिया या जिवाणूच्या व्रणांचं स्टिरॉइडने नुकसान झालं होतं.

पुढच्याच वर्षी बुरशीच्या ३२३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. व्होरिकोनॅझोल हे नवं, महाग औषध जुन्या नॅटामायसिनला मागे टाकेल अशी बऱ्याच जणांची अटकळ होती. नॅटामायसिन जिंकलं, फ्युजेरियममध्ये तर स्पष्ट फरकाने. बुरशीच्या व्रणात पांढऱ्या पेशींना नेमकं कधी आणि किती थोपवायचं, याची अशी चाचणी करायला मात्र डॉक्टर अजून बिचकतात. तोवर मदुराईत काय किंवा आपल्या तालुक्याच्या गावी काय, पहिलं काम तेच राहतं जे लेबरने केलं होतं. व्रणाची कड हलक्या हाताने खरवडायची, काचपट्टीवर पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकायचा, आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत बुरशीचा तंतू दिसतो का ते पाहायचं. स्टिरॉइडचं नाव त्यानंतर.